प्रेग्नन्सीत शुगर व्हायचा धोका आपल्याला किती आहे, ते आधीच कसं बघायचं

दिवस राहिले असतील किंवा प्लॅनिंग चालू असेल तर डॉक्टरकडे पहिल्यांदा जायच्या आधी निवांत बसून एका कागदावर सगळं लिहून काढा, कारण तिथे घाईत विचारलं की निम्मं आठवत नाही, आणि शुगरची टेस्ट लवकर करायची का नंतर हे बऱ्याचदा याच माहितीवर ठरतं.

सगळ्यात वर मागच्या खेपेचं लिहा. तेव्हा शुगर निघाली होती का? असेल तर परत व्हायची शक्यता बरीच जास्त असते, डिलिव्हरीनंतर रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गप्प बसू नका, स्वतःहून सांगा. मागचं बाळ ४ किलोच्या वर होतं का तेही लिहा. मूल पोटातच गेलं असेल आणि कारण कळलं नसेल, तर बोलणं खूप जड जातं, माहितीये, पण प्लीज सांगा.

मग घरचं बघा. आई, वडील, सख्खी भावंडं, यांच्यात कुणाला डायबिटीस आहे का.

मग वजन, पण दिवस राहायच्या आधीचं. किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, म्हणजे ६४ किलो आणि १.६ मीटर असेल तर बीएमआय २५ येतो. साधारण २५ च्या पुढे धोका वाढतो, पण आपण दक्षिण आशियातले लोक २३ पासूनच सावध राहिलेलं बरं, कारण आपल्यात कमी वजनालाही शुगर होते.

बाकी पीसीओडी, बीपी, आधी कधी शुगर बॉर्डरला आलेली (एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची टेस्ट, ५.७ ते ६.४ टक्के), स्टेरॉईडच्या गोळ्या, जुळं, आणि वय, खासकरून ३५ च्या पुढे, यातलं जे लागू असेल ते टिपून ठेवा.

आता हे सगळं कशाला, तर वारेतून (प्लासेंटातून) जी हार्मोन्स येतात त्यांच्यामुळे इन्सुलिनचा, म्हणजे रक्तातली शुगर आटोक्यात ठेवणाऱ्या हार्मोनचा, परिणाम कमी होतो, हे प्रत्येकीचंच होतं, मग शरीराला जास्त इन्सुलिन बनवावं लागतं आणि ज्यांच्या शरीराला ते झेपत नाही त्यांची शुगर वाढते. म्हणून कृपा करून "गोड खाल्लंस म्हणून झालं" असं कुणाला म्हणू नका, आणि कुणी म्हटलं तर मनाला लावून घेऊ नका.

हा परिणाम दुसऱ्या अर्ध्यात वाढतो म्हणून टेस्ट २४ ते २८ आठवड्यांत करतात. धोका जास्त असेल तर सुरुवातीलाच एकदा करायला सांगतात, ती नॉर्मल आली तरी २४ नंतरची चुकवायची नाही. बऱ्याच ठिकाणी उपाशीपोटी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून करतात, त्यात उपाशी ९२, तासाने १८०, दोन तासांनी १५३ (रिपोर्टवर mg/dL असं लिहिलेलं असतं), यातला एक जरी आकडा गाठला किंवा ओलांडला तरी शुगर आहे असं धरतात.

कागदावर काहीच निघालं नाही? तरी टेस्ट कराच. धोक्याचं एकही कारण नसलेल्या बायकांनाही ही शुगर होते, आणि त्रास काहीच जाणवत नाही त्यामुळे टेस्टशिवाय कळत नाही.

वजन कमी करायचं असेल तर दिवस राहायच्या आधी. राहिल्यावर मनाने डाएट सुरू करू नका, डॉक्टरांनी हो म्हटलं की रोज चाला तेवढं पुरे. आणि शुगर निघालीच तर डिलिव्हरीनंतर ६ ते १२ आठवड्यांत परत तपासा, बाळाच्या गडबडीत हीच टेस्ट राहते, म्हणून तारीख आत्ताच घरातल्या कुणाच्या तरी मोबाईलमध्ये टाकून ठेवा.