घाट उतरून पाण्याखाली: पहिल्या स्कूबा सहलीसाठी ठिकाण कसे निवडावे

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीहून समुद्र गाठायचा तर आंबोली, चोर्ला, अनमोड यांपैकी एखादा घाट उतरावा लागतो आणि घरी परतताना तो पुन्हा चढावा लागतो. एरवीच्या सहलीत या चढणीचे काही वाटत नाही. पण स्कूबा डायव्हिंगसाठी, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून पाण्याखाली उतरण्यासाठी, ठिकाण निवडताना सीमाभागातील माणसाने पहिला विचार करायचा तो तिचाच. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. पाण्याखाली आपण दाबाखालची हवा श्वासावाटे घेतो, तेव्हा तिच्यातील नायट्रोजन रक्तात आणि शरीराच्या ऊतींमध्ये विरघळतो आणि वर आल्यानंतर पुढचे कित्येक तास तो हळूहळू बाहेर पडत राहतो. त्या अवधीत आपण उंचावर गेलो तर बाहेरचा दाब घटतो आणि सोडावॉटरची बाटली उघडताच जसे बुडबुडे उठतात, तसे ते शरीरात तयार होण्याचा धोका वाढतो.

डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एकाच साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास, तर एकाच दिवशी अनेक किंवा सलग काही दिवस डाइव्ह केल्यास किमान १८ तास विमानप्रवास टाळावा. सुमारे ६०० मीटरपासून वरच्या उंचीइतका कमी दाब गृहीत धरून या सूचना केलेल्या आहेत, आणि आपले घर त्याहून वरच आहे. पाच-सहा मीटर खोलीवर पंधरा-वीस मिनिटे घालवणाऱ्याच्या शरीरात नायट्रोजन फारच थोडा साठतो, हे खरे आहे. तरीही पहाटे निघून रात्री घरी, असा आपल्याकडचा सहलीचा रिवाज या खेळासाठी सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. डाइव्ह सकाळी करावी, रात्रीचा मुक्काम किनाऱ्यावरच ठेवावा आणि घाट दुसऱ्या दिवशी चढावा. ज्या ठिकाणी हे सहज जमेल, तेच ठिकाण आपल्यासाठी योग्य.

यानंतर ठरवायचे ते म्हणजे आपल्याला केवळ अनुभव घ्यायचा आहे की विद्या शिकायची आहे. अनुभवाच्या डाइव्हमध्ये थोडी तोंडओळख करून देऊन प्रशिक्षक आपल्याला स्वतः धरून खाली नेतो. पोहता येणे बहुतेक ठिकाणी आवश्यक नसते आणि पाडीसारख्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांनुसार या प्रकारात १२ मीटरपेक्षा खोल जाता येत नाही. शिकायचे असेल तर ओपन वॉटर हा पहिला अभ्यासक्रम असतो. त्याला साधारण तीन-चार दिवस लागतात, समुद्रात चार डाइव्ह कराव्या लागतात, २०० मीटर पोहून आणि दहा मिनिटे तरंगून दाखवावे लागते, आणि तो पूर्ण झाल्यावर १८ मीटरपर्यंत जोडीदारासह उतरण्याची पात्रता मिळते. पाठीला डबा बांधून गावच्या विहिरीत पोहायला शिकलेल्यांना यांतले पोहणे अवघड जाणार नाही. मात्र सूर मारताना श्वास रोखून धरण्याची विहिरीतली सवय त्यांना प्रयत्नपूर्वक मोडावी लागेल. वर येताना दाब कमी होतो तशी फुप्फुसातील हवा प्रसरण पावते, आणि रोखलेला श्वास फुप्फुसाला इजा करू शकतो. म्हणून पाण्याखाली श्वास सतत चालू ठेवणे हा या विद्येचा पहिला नियम मानला जातो.

आपल्याला सर्वांत जवळचे आणि ओळखीचे ठिकाण मालवण. आंबोली, सावंतवाडी, कुडाळ या नेहमीच्या रस्त्याने तेथे पोहोचता येते. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांत उथळ पाण्यातच मासे आणि प्रवाळ पाहायला मिळतात. हा परिसर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्रही आहे. भाषा आपली, जेवण आपल्या जिभेचे आणि पाणी उथळ, त्यामुळे घरातील भित्र्या माणसालाही येथे धीर येतो. उणीव एवढीच की, किनाऱ्याजवळ खाड्यांचे पाणी मिसळत असल्याने पाणी अनेकदा गढूळ असते, आणि सुटीच्या दिवसांत गर्दी इतकी होते की प्रत्येकाच्या वाट्याला थोडीच मिनिटे येतात. नाताळचा आठवडा आणि शनिवार-रविवार टाळून मधल्या वारी गेल्यास मालवण पुष्कळ अधिक समाधान देते.

गोवा चोर्ल्यामार्गे याहूनही लवकर गाठता येतो. तेथील डाइव्ह मुख्यतः वास्कोजवळच्या ग्रँड आयलंडच्या आसपास होतात आणि बुडालेल्या जहाजाचे अवशेष हे तेथील आकर्षण आहे. मात्र मांडवी आणि जुवारी या दोन्ही नद्यांची मुखे जवळ असल्याने पाणी नेहमीच निवळ मिळेल असे धरून चालू नये.

मनापासून शिकू इच्छिणाऱ्याला मी नेत्राणीचे नाव आधी सुचवीन. उत्तर कन्नड जिल्ह्यात, मुरुडेश्वरच्या किनाऱ्यापासून सुमारे १९ किलोमीटर आत हे निर्मनुष्य बेट आहे. किनाऱ्यापासून दूर असल्याने नद्यांचा गाळ तेथवर कमी पोहोचतो, आणि चांगल्या दिवशी पंधरा मीटरच्या आसपासचे दिसू शकते. मालवणला कित्येकदा त्याच्या निम्मेही दिसत नाही. खडकांच्या कपारींत माशांचे थवे आणि कासवे दिसण्याची शक्यताही येथे अधिक असते. अंतर अडीचशे किलोमीटरांहून अधिक असल्यामुळे मुक्काम आपोआपच करावा लागतो, म्हणजे वर सांगितलेला नियमही पाळला जातो. घरातील वडीलधाऱ्यांना तेवढ्या वेळात मुरुडेश्वराचे दर्शन घेता येते. बोटीचा प्रवास मात्र तासाभराहून अधिक, उघड्या समुद्रातला आहे. ज्यांना बोट लागते त्यांनी आदल्या रात्री हलके जेवावे आणि डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी.

अंदमान या सर्वांहून सरस आहे, यात शंका नाही. स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, येथे पाणी निवळ, प्रवाळ समृद्ध आणि शिकवणारी केंद्रे पुष्कळ आहेत. जानेवारी ते एप्रिल हा काळ तेथे उत्तम. परंतु चेन्नई किंवा कोलकात्याहून विमान आणि पुढे बोट, असा प्रवास व खर्च लक्षात घेता, समुद्राखाली आपल्याला बरे वाटते की नाही हे ठाऊक नसताना थेट तेथे जाणे मला पटत नाही. गेलातच तर परतीच्या विमानापूर्वीचा पूर्ण दिवस डाइव्हविना ठेवावा आणि तो सेल्युलर जेल पाहण्यासाठी द्यावा. लक्षद्वीपचे सरोवरासारखे शांत पाणीही फार सुंदर आहे, पण प्रवेश परवाना आणि मर्यादित निवासव्यवस्था यांमुळे ते दुसऱ्या-तिसऱ्या सहलीसाठी राखून ठेवणे बरे.

पश्चिम किनाऱ्यावर मे महिन्याच्या अखेरीपासून पावसाळाभर डायव्हिंग बंद असते. आपल्या मुलांना कर्नाटकातील शाळांप्रमाणे ऑक्टोबरमध्ये दसऱ्याची मोठी सुटी मिळते, पण तेव्हा पावसाचा गाळ पुरता बसलेला नसतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ अधिक भरवशाचा. मुलांसाठी दहा वर्षे पूर्ण असणे ही आंतरराष्ट्रीय मर्यादा ध्यानात ठेवावी.

ठिकाण ठरले तरी केंद्र निवडणे राहतेच, आणि माझ्या मते ते अधिक महत्त्वाचे आहे. फोनवरच विचारावे की एका प्रशिक्षकाकडे पाण्यात किती जण असतात, आरोग्यविषयक प्रश्नपत्रिका भरून घेतात का, बोटीवर प्राणवायूची सोय असते का आणि शरीरातील बुडबुड्यांवर उपचार करणारा दाबकक्ष असलेले रुग्णालय किती दूर आहे. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये प्राणवायू नव्हे तर दाबून भरलेली साधी हवा असते. म्हणून कोणाला त्रास झाल्यास तातडीने देण्यासाठी बोटीवर शुद्ध प्राणवायूची वेगळी सोय असावी लागते. दमा, हृदयविकार, फिट येणे किंवा कानाची शस्त्रक्रिया यांपैकी काही असल्यास डॉक्टरांच्या लेखी अनुमतीशिवाय पुढे जाऊ नये, आणि गर्भावस्थेत तर डाइव्ह करूच नये.

माझ्या पहिल्या वेळी मला सर्दी होती, कोणी काही विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. त्यानंतर आठवडाभर उजवा कान ठणकत होता. घाट उतरताना कानाला दडे बसतात हे आपल्याला लहानपणापासून माहीत असते. पण बेळगावाहून किनाऱ्यापर्यंत उतरताना हवेचा दाब जेवढा वाढतो, त्याहून अधिक तो पाण्याच्या पहिल्या एका मीटरमध्येच वाढतो. नाक चिमटीत धरून हलकेच हवा दाबत प्रत्येक मीटरला दडे सोडवावे लागतात, आणि नाक चोंदलेले असेल तर ते सुटत नाहीत. म्हणून निवासाची नोंदणी करताना एक दिवस जादा धरावा, आणि डाइव्ह पुढे ढकलल्यास पैसे बुडणार नाहीत, याची हमी केंद्राकडून आधीच लेखी घ्यावी.