तरुण क्वार्टरबॅक खरंच सुधारतोय का? उन्हाळ्यातला सराव असा बघा

मे महिना लागला की एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या, बातम्यांत क्वार्टरबॅकबद्दल (आक्रमणात चेंडू फेकून खेळ चालवणाऱ्याबद्दल) रोज एक आकडा झळकायला लागतो. अमक्याने आज २२पैकी १५ पास पूर्ण केले, तमक्याची दोन इंटरसेप्शन गेली, म्हणजे पास बचावपटूंनीच पकडले. माझं पहिलं सांगणं असं की नुसत्या त्या आकड्यावरून कुणाला डोक्यावर घेऊ नका आणि कुणाला मोडीतही काढू नका. २०२५च्या मे महिन्यात न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या क्वार्टरबॅक ड्रेक मेने पत्रकारांसमोरच्या एका सरावात चार इंटरसेप्शन दिली आणि लगेच रडारड सुरू झाली. त्याच मेने पुढच्या मोसमात ७२ टक्के पास पूर्ण केले आणि संघ सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत नेला.

आमच्या शिकागो बेअर्सचा किस्सा याच्या उलटा. त्याच वर्षी नवे प्रशिक्षक बेन जॉन्सन आले आणि त्यांनी तरुण क्वार्टरबॅक केलेब विल्यम्ससमोर ७० टक्के पास पूर्ण करायचं लक्ष्य ठेवलं. मोसम संपला तेव्हा टक्केवारी होती ५८.१, म्हणजे पहिल्या वर्षीच्या ६२.५पेक्षाही कमी. नुसतं एवढंच वाचणारा म्हणेल, पोरगा मागे गेला. पण पहिल्या वर्षी तो ६८ वेळा सॅक झाला होता, म्हणजे चेंडू सुटण्याआधीच पाडला गेला होता, दुसऱ्या वर्षी २४ वेळा. संघाचे विजय पाचावरून अकरावर गेले. (१९२०पासून चालत आलेल्या या संघाला एका मोसमात ४,००० यार्डांचे पास देणारा क्वार्टरबॅक आजवर मिळालेला नाही. केलेब ३,९४२वर अडकला. त्यामुळे तरुण क्वार्टरबॅककडे आशेने बघण्यात आम्ही बेअर्सवाले आता मुरलोय.)

मग बघायचं काय? मी चुका मोजत नाही, त्यांची जात बघते. कालची चूक आज पुन्हा झाली का, की आज नवी चूक झाली? नवी चूक चालते. तीच ती चूक महिनाभर दिसत राहिली तर मात्र काळजी करायची.

आधी वेळापत्रक डोक्यात पक्कं करा, कारण कुठल्या आठवड्यात काय दिसू शकतं हे नियमांनीच ठरलेलं असतं. एप्रिलपासूनचा कार्यक्रम नऊ आठवड्यांचा. पहिले दोन आठवडे व्यायाम आणि बैठका. पुढचे तीन मैदानावर, पण आक्रमण आणि बचाव समोरासमोर येत नाहीत. या पाच आठवड्यांत क्वार्टरबॅकबद्दल जे काही छापून येतं, ते त्याचं वजन, केस आणि उत्साह यांबद्दल असतं. सोडून द्या. शेवटच्या चार आठवड्यांत जास्तीत जास्त दहा दिवसांचे ओटीए (संघाचे ऐच्छिक सराव) आणि एक सक्तीचं मिनीकॅम्प. इथे अकरा विरुद्ध अकरा खेळायला परवानगी असते, पण धक्काबुक्कीला नाही. अंगावर पॅड चढतात ते थेट जुलैअखेर सुरू होणाऱ्या ट्रेनिंग कॅम्पमध्ये. ओटीए सामान्य प्रेक्षकांना बघायला मिळत नाहीत, पत्रकारांनाही मोजकेच दिवस आत सोडतात. म्हणजे मे-जूनमध्ये आपण दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये, तिकीट मिळालं तर, स्वतःच्या.

आता मुख्य गोम. सरावात क्वार्टरबॅकच्या अंगात वेगळ्या रंगाची जर्सी असते, बहुतेक संघांत लाल. अर्थ सरळ आहे, याला हात लावायचा नाही. नेटमध्ये बोल्ड झालेला फलंदाज स्टंप सरळ करून पुढच्या चेंडूला उभा राहतो, तसंच इथे चालतं. बचावाचा धिप्पाड गडी बाजूने सुसाट येतो, दोन पावलांवर आल्यावर हात वर करून निघून जातो, आणि क्वार्टरबॅक निवांत आणखी एक सेकंद थांबून २५ यार्डांचा सुंदर पास टाकतो. टाळ्या पडतात, व्हिडिओ फिरतो आणि हिशेबात एक पूर्ण पास जमा होतो. सामन्यात तोच प्ले (तीच चाल) सॅक असता.

म्हणून फोनवरचं स्टॉपवॉच वापरा. स्नॅपला, म्हणजे मधला गडी चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देतो तेव्हा, सुरू करायचं, चेंडू हातातून सुटला की बंद. सामन्यांत चेंडू हातात राहण्याची सरासरी पावणेतीन सेकंदांच्या आसपास असते. माझी ढोबळ रेघ तीन सेकंदांची. अकरा विरुद्ध अकरामध्ये त्यापुढे गेलेला पूर्ण पास मी वहीत लिहिते, पण त्याला गोल करते. मुद्दाम बाहेर पळत टाकायचे पास आणि प्ले-अॅक्शन (चेंडू धावणाऱ्याला दिल्याचं सोंग करून टाकलेले पास) यांना ही रेघ लावू नका, त्यांना वेळ लागतोच. दिवसअखेर पूर्ण पासांपैकी किती गोलात आहेत ते बघा. सात विरुद्ध सातमध्ये तर घड्याळाशिवाय दुसरं काही बघूच नका. तिथे अंगावर धावून येणारं कुणी नसतं, चार-चार सेकंद उभं राहून चेंडू टाकणं सोपं असतं, आणि टक्केवारी चांगलीच यायला हवी.

ट्रेनिंग कॅम्पला गेलात आणि जागा निवडता आली, तर बाजूच्या रेषेजवळची सावली सोडा आणि एंड झोनच्या (मैदानाच्या टोकाच्या पट्टीच्या) मागे, क्वार्टरबॅकच्या पाठीशी जा. ऊन लागेल, पण त्याला जे दिसतं ते तिथूनच दिसतं. बाजूने बघताना प्रत्येक लांब पास भारी वाटतो.

स्नॅपच्या आधीचा भाग कंटाळवाणा असतो, लोक तेव्हा फोन बघतात. मला विचाराल तर नवख्याची अर्धी परीक्षा तिथेच होते. प्ले क्लॉक, म्हणजे पुढचा प्ले सुरू करायची मुदत, ४० सेकंदांचा असतो. प्रशिक्षकाचा आवाज हेल्मेटमधल्या स्पीकरवर येतो आणि घड्याळ १५वर आलं की बंद पडतो. तेवढ्यात लांबलचक प्ले ऐकायचा, हडलमध्ये (प्लेआधी जमलेल्या घोळक्यात) न अडखळता दहा जणांना सांगायचा, सगळ्यांना रेषेवर आणायचं, बचावाची मांडणी वाचायची, गरज पडली तर बदल ओरडून सांगायचा. कॉलेजमधून येणाऱ्या कित्येक मुलांनी हडल क्वचितच केलेलं असतं. बाजूच्या रेषेवरची चित्रं आणि खुणा बघून खेळायची सवय असते त्यांना. त्यात सेंटरच्या (स्नॅप देणाऱ्याच्या) मागे अगदी चिकटून उभं राहून स्नॅप घ्यायचीही सवय नसते. मैदानसुद्धा थोडं बदलतं. कॉलेजमध्ये मैदानाच्या मध्यावर आखलेल्या हॅशच्या दोन रेषांत ४० फूट अंतर, एनएफएलमध्ये साडेअठरा. त्यामुळे कोन आणि अंतरं नव्याने अंगवळणी पाडावी लागतात.

तर बघायचं ते हे: हडल मोडतो तेव्हा घड्याळात किती उरलंय? कुणी रिसीव्हर (पास पकडणारा) चुकीच्या बाजूला जाऊन परत धावतोय का? क्वार्टरबॅक दोनदा वळून बाजूच्या रेषेकडे बघतोय का? पहिल्या आठवड्यात प्रशिक्षक सगळा संघ हडलमध्ये परत पाठवतात, पुन्हा करा म्हणतात. तिसऱ्या आठवड्यात हे थांबलं असेल, तर सुधारणा झाली. हायलाइटमध्ये हे कधी दिसणार नाही. आणि फॉल्स स्टार्टची (स्नॅपआधीच हलल्याची) पंचांची पिवळी रुमालं सगळी लाईनमनच्या नावावर टाकू नका. क्वार्टरबॅकच्या आवाजाची लय डळमळीत असली तरी समोरचे पाच जण आधी हलतात.

आता पाय. टीव्हीवर आपण चेंडू बघतो, सरावात मात्र चेंडू विसरून पाय बघायचे. एका कॅम्पमधले दोन प्ले सांगते, क्वार्टरबॅक तिसऱ्या फळीतला, नाव घेण्यात अर्थ नाही. उजव्या हाताने टाकणारा, शॉटगनमध्ये, म्हणजे सेंटरपासून काही पावलं मागे उभा. पहिली नजर उजवीकडच्या रिसीव्हरवर. तो झाकलेला होता, म्हणून नजर मध्ये आली, जिथे दुसरा रिसीव्हर डावीकडून आत कापत येत होता. निर्णय बरोबर. पण डावा पाय अजून उजवीकडेच रोखलेला, कंबर वळलीच नाही, नुसत्या दंडाच्या जोरावर चेंडू टाकला. तो रिसीव्हरच्या बोटांवरून उडाला आणि सेफ्टीच्या (सगळ्यात मागच्या बचावपटूच्या) हातात अलगद पडला. दुसऱ्या एका दिवशी तोच प्ले. तीच उजवीकडची नजर, पुन्हा झाकलेला. या वेळी नजरेबरोबर एक छोटी उडी, डाव्या पायाचा अंगठा मध्ये वळला, चेंडू थेट छातीवर. आणि रिसीव्हरने सोडला! बातमीत एक इंटरसेप्शन आणि एक अपूर्ण पास, दोन्ही अपयशच. माझ्या वहीत दुसऱ्यापुढे ठळक बरोबरची खूण आहे.

नजर फिरली की पाय फिरतात का, एवढा एकच प्रश्न घेऊन बसलात तरी दुपार वाया जाणार नाही. जोडीला आणखी एक सवय बघा. समोर कुणी आलेलं नसताना पोरगा पॉकेट (लाईनमननी त्याच्याभोवती राखलेली जागा) सोडून पळतो का? कॉलेजमध्ये पाय वेगवान असले की हे खपून जातं, वरच्या पातळीवर त्याच पळण्यातून सॅक होतात. आता तो पॉकेटमध्येच एक पाऊल पुढे सरकून चेंडू टाकायला लागला असेल, तर हिवाळ्यात कुणीतरी त्याच्यावर कष्ट घेतलेत.

इंटरसेप्शनची जात ओळखायला मी तीनच खाती ठेवते. पहिलं, उशीर. रेषेकडे कापणाऱ्या रिसीव्हरला मैदानाच्या पलीकडच्या बाजूने टाकलेला आणि अर्धा सेकंद उशिरा सुटलेला चेंडू. हे सगळ्यात वाईट, कारण रिसीव्हरला झाकणारा कॉर्नरबॅक तो घेऊन उलट्या दिशेला सरळ टचडाऊनला जातो. दुसरं, फसवणूक. स्नॅपआधी दोन सेफ्टी खोल उभे असतात, स्नॅप होताच एक खाली धावतो आणि पोराला तो दिसतच नाही. हे वय आणि अभ्यास यांचं दुखणं आहे, मेमध्ये माफ, ऑगस्टअखेर नाही. तिसरं, धाडस. दोघांच्या मधल्या फटीतून चेंडू जातोय का हे बघायलाच टाकलेला. सराव असतो कशासाठी? काही प्रशिक्षक मुद्दाम सांगतात, टाकून बघ. या खात्यातली इंटरसेप्शन मी मोजतच नाही.

घरबसल्या बातम्या वाचत असाल तर वार्ताहराला मनातल्या मनात हे प्रश्न विचारा. सात विरुद्ध सात होतं की अकरा विरुद्ध अकरा? समोर पहिल्या फळीचा बचाव होता का? पासेस कुणाला टाकले, नेहमीच्या रिसीव्हरांना की शिबिरानंतर घरी जाणाऱ्यांना? उत्तरं नसतील तर आकडा विसरा. प्रशिक्षकांच्या बोलण्यात ‘मेहनती आहे’, ‘नेतृत्वगुण आहेत’ असली वाक्यं भरपूर मिळतील, त्यांची किंमत शून्य. ‘चेंडू वेळेवर सुटतोय’ किंवा ‘चुकीच्या मांडणीतून त्यानेच आम्हाला बाहेर काढलं’ असं नेमकं काही आलं तर कान टवकारा. खमका प्रशिक्षक जाहीरपणे नाराजी दाखवतो तेव्हाही घाबरू नका, ती नाराजी कशावर आहे ते वाचा.

सुधारणेचं सगळं श्रेय किंवा दोष त्या एकट्याच्या माथी मारू नका. बफेलोच्या जॉश अॅलनचे आकडे २०१८मध्ये ५२.८ टक्के, २०१९मध्ये ५८.८ आणि २०२०मध्ये ६९.२. त्याने स्वतःच्या फेकीवर खूप काम केलं हे खरंच, पण २०२०च्या मार्चमध्ये संघाने स्टेफॉन डिग्जसारखा रिसीव्हरही आणून दिला होता. त्यामुळे सराव बघताना चेंडू कुठे पडतोय हेही लिहा, पकडला की सुटला ते नंतर. बचावपटूपासून लांबच्या खांद्यावर आला का? तिरक्या धावेत रिसीव्हरला वेग कमी करावा लागला का? डोक्यामागे हात नेऊन पकडलेला चेंडू हा रिसीव्हरचा पराक्रम, क्वार्टरबॅकचा नव्हे.

एका दिवसाच्या सरावावरून तर काहीच ठरवू नका. कॅम्पच्या सुरुवातीला बचाव पुढे असतो हे जवळजवळ ठरलेलंच, कारण आक्रमणात अकरा जणांची वेळ जुळावी लागते. तुलना करायची ती त्याच पोराची त्याच्याशीच, आणि त्याच प्रकारच्या सरावात. गेल्या आठवड्यातला दोन मिनिटांचा (सामन्याच्या शेवटी घाईने खेळायचा) सराव आणि या आठवड्यातला दोन मिनिटांचा सराव. गोल लाईनजवळचा तेव्हाचा आणि आताचा. तिथे जागा आकसते, निर्णय लवकर घ्यावा लागतो, आणि मेमध्ये झाकलेलं सगळं उघडं पडतं.

ऑगस्टमधले तीन प्रीसीझन (मोसमाआधीचे) सामने आले की वही समोर घेऊन बसा. आता त्याला पाडायची मुभा असते. तरुण मुलाला कधी दोन ड्राइव्ह (चेंडू हाती असतानाच्या सलग खेळी) मिळतात, कधी त्याहूनही कमी, त्यामुळे धावफलक बाजूला ठेवा आणि सरावात गोल केलेले प्ले शोधा. तोच रिसीव्हर, तीच धाव, आणि समोर आता खरोखर अंगावर येणारा गडी. चेंडू तीन सेकंदांच्या आत सुटला का?