सामान लादलेल्या सायकलवर घाट कसा चढायचा आणि मुख्य म्हणजे कसा उतरायचा

सायकल सर्व्हिस करून आणलीय, पंप, पंक्चर किट, दोन जादा ट्यूब सोबत आहेत, हे धरूनच चालतो. रूट समजा आमच्याकडचा नेहमीचा: गुहागर, चिपळूण, पोफळीवरून कुंभार्ली घाट चढून कोयनानगर, पुढे कराड-कोल्हापूर करत गगनबावडा आणि तिथून करूळ घाटाने खाली वैभववाडी, तळेरे, विजयदुर्ग. सह्याद्री कोकणाच्या अंगाला एकदम तुटलेला आहे आणि देशाकडे पसरट, म्हणून वर पोचलात की लगेच उतार मिळत नाही आणि परत येताना सगळी उंची एका दमात खाली यायची असते. निघण्याआधी घाट चालू आहे का ते विचारून घ्या, दरडीमुळे आणि कामांमुळे बंद असतात.

चढाचं थोडक्यात सांगतो. उजाडताच पोफळी सोडा, डोंगर पूर्वेला असल्याने सकाळी बराच वेळ सावली मिळते. हलका गिअर चढ लागायच्या आधीच टाका, शेजारच्याशी बोलता येईल एवढ्याच जोराने पॅडल मारा. मीठ घातलेलं कोकम सरबत बाटलीत ठेवा, इथल्या दमट हवेत नुसत्या पाण्यावर पायात गोळे येऊ शकतात. दमलात की उतरून ढकला.

आता उतार. मला वर्षानुवर्षं सगळ्यात जड गेलेला भाग हाच, आणि याच्याबद्दलच सगळ्यात वाईट सल्ले मिळतात. पहिला सल्ला म्हणजे "पुढचा ब्रेक लावू नको, उलटशील". हे डोक्यातून काढून टाका. उतारावर ब्रेक लावला की वजन पुढच्या चाकावर जातं, खरं थांबवायचं काम तेच चाक करतं आणि मागचं चाक हलकं होऊन घसरतं. दोन्ही ब्रेक वापरा, पुढचा जास्त, पण झटक्याने नाही, हळूहळू दाब वाढवत, आणि बूड सीटवर थोडं मागे सरकवून. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजवा लिव्हर पुढचा असतो, तरी स्वतःची सायकल सपाटीवर तपासून घ्या.

दुसरा वाईट सल्ला, "ब्रेक धरूनच ठेव, सावकाश उतर". माणूस, सायकल आणि सामान मिळून 100 किलो आणि उतार 600 मीटर उंचीचा धरला तर त्यातून पावणेदोन लिटर गार पाण्याला उकळी येईल एवढी उष्णता निघते. ती एकतर हवेत जाते नाहीतर तुमच्या ब्रेकमध्ये. लिव्हर सतत आवळून रांगत उतरलात तर हवेचा रोध मिळतच नाही, सगळी उष्णता रिममध्ये (चाकाच्या बाहेरच्या धातूच्या कडेत) किंवा डिस्कमध्ये (चाकाच्या मध्यावरच्या ब्रेकच्या चकतीत) साठते, मग ब्रेकचे पॅड पकडेनासे होतात, आणि रिमवर दाबणारा रिम ब्रेक असेल तर तापलेल्या रिमवर ट्यूब फुटू शकते, ती पुढची असली तर सांभाळणं फार कठीण. त्यापेक्षा सरळ पट्ट्यात ताठ बसा, छातीवर वारा घ्या, वळणाच्या आधी जोरात ब्रेक लावून वेग उतरवा आणि मग लिव्हर सोडा. ब्रेकला जळका वास आला किंवा लिव्हर नेहमीपेक्षा आत जायला लागला की रुंद जागा बघून थांबा. थांबल्यावर रिमला बोट लावू नका आणि डिस्कवर पाणी तर अजिबात ओतू नका, वाकते, आपोआप गार होऊ द्या.

वळणात ब्रेक नको, ते आधीच उरकायचं. बाहेरच्या बाजूचं पॅडल खाली, वजन त्याच्यावर, आणि नजर रस्ता जिथे बाहेर पडतो तिथे, खड्ड्याकडे बघितलंत की सायकल खड्ड्यातच जाते. चिऱ्याच्या ट्रकमधून सांडलेली लाल माती आणि बारीक खडी वळणाच्या कडेला साठलेली असते, सुकी असली तरी चाक तिच्यावर सरकतं. मागे पॅनियर (रॅकला दोन्ही बाजूंनी लटकवलेल्या पिशव्या) जड असले की वेगात हँडल थरथरायला लागतं, तेव्हा हँडल आवळू नका, दोन्ही गुडघ्यांनी वरचा दांडा दाबून धरा आणि हळूहळू वेग कमी करा. थोडं वजन पुढच्या रॅकवर टाकलं तर हे बरंच कमी होतं.

एसटीचं वेगळं सांगतो, कारण जीव इथे जातो. उजवीकडे जवळजवळ उलट फिरणाऱ्या हेअरपिन वळणात खालून चढणारी गाडी आतल्या बाजूने येते, तिला तेवढ्यात वळता येत नाही म्हणून ती तोंड तुमच्या लेनमध्ये काढते, आणि चढणाऱ्याला वाट देणं हा घाटातला नियमच आहे. म्हणून वळणाच्या आधी कठड्यापलीकडे खालचा रस्ता बघायची सवय लावा, बस किंवा ट्रक दिसला तर वळणात शिरायचंच नाही, अलीकडे डावीकडे थांबायचं, तो वर गेला की निघायचं. घंटीचा काही उपयोग नाही, ओरडा.

पावसाळ्यात आणि धुक्यात मी उतरू नका असंच सांगेन. उतरावंच लागलं तर रिम ब्रेक भिजल्यावर चाक एक-दोन फेऱ्या फिरेपर्यंत पकडत नाही, म्हणून आधीच हलकेच दाबून रिम पुसून घ्या, मागचा लाल दिवा चालू ठेवा.

खाली वैभववाडीत पोचलात की पॅड बघा, त्यांच्यावरच्या खाचा (ग्रूव्ह) झिजून संपल्या असतील तर तिथेच बदला. विजयदुर्गापर्यंत चढ-उतार अजून बरेच आहेत आणि दुपारनंतर समुद्राकडून वारा समोरून लागतो.