एमसीबी तारेसाठी, आरसीसीबी माणसासाठी

एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडून पुरवठा तोडणारा स्विच) बसवले म्हणजे शॉकची भीती गेली, हा समज आधी सोडा. शरीरातून गेलेले 50 मिलिअँपिअरसुद्धा जीव घेऊ शकतात, आणि 16 अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्याचं काम तार जळू न देणं. माणसासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा: फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला प्रवाह यांत फरक पडला की तो पुरवठा तोडतो. ओव्हरलोड मात्र त्याला कळत नाही, म्हणून दोन्ही लागतात.

तांब्याची तार दिव्या-पंख्यांना 1.5, तर 16 अँपिअरच्या सॉकेटला 2.5 चौरस मिलिमीटर घ्या. वर्कशॉपच्या यंत्रांची लाइन थेट बोर्डापासून वेगळी काढा.

यंत्र सुरू करताना एमसीबी पडतो म्हणून बरेच जण मोठा एमसीबी टाकतात. तार तीच राहते आणि भिंतीत तापत राहते. खरं कारण वेगळं असतं. 230 व्होल्टवर 1 एचपीची मोटर साधारण 7 अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर 40 अँपिअरच्या आसपास. बी प्रकारचा एमसीबी रेटिंगच्या 3 ते 5 पटीला लगेच पडतो, सी प्रकारचा 5 ते 10 पटीला. म्हणजे 10 अँपिअरचा बी पडू शकतो, 10 अँपिअरचाच सी टिकेल. रेटिंग वाढवू नका, प्रकार बदला.

लांब एक्स्टेंशनचाही असाच घोळ. 1.5 चौरस मिलिमीटरच्या 30 मीटर केबलमध्ये त्या 40 अँपिअरला जवळजवळ 29 व्होल्ट खर्च होतात. मोटर गुणगुणते, वेग घेत नाही, वाइंडिंग तापतं. जाड केबल वापरा आणि पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या केबलची उष्णता बाहेर पडत नाही, इन्सुलेशन वितळतं.

अर्थिंगची पिन तोडून दोन पिनांवर यंत्र चालवणं, किंवा सॉकेटमध्ये न्यूट्रल-अर्थ जोडून वेळ मारून नेणं, कधीही करू नका. असं जोडलेलं असताना न्यूट्रल तुटला, की यंत्राची अख्खी बॉडी फेजवर येते. प्लग काढून मल्टिमीटरने अर्थ पिन आणि बॉडीचा उघडा धातू यांतला रोध मोजा. 1 ओहमपेक्षा कमी हवा. (दुहेरी इन्सुलेशनच्या हत्यारांना अर्थ नसतोच.)

काम करताना मेन बंद करून त्याला कुलूप लावा आणि किल्ली खिशात ठेवा. मग मीटर आधी या मेनवर नसलेल्या चालू सॉकेटवर, नंतर कामाच्या तारांवर, पुन्हा त्याच चालू सॉकेटवर लावून बघा. तिसरी तपासणी लोक टाळतात. मधेच मीटर बंद पडला असेल तर ती एकटीच ते सांगते. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ असं तिन्ही मोजा. निऑन टेस्टर पेटला नाही म्हणून तार मेली असं धरू नका.

जोडणीत नुसता पीळ आणि टेप नको. बारीक धाग्यांच्या तारेच्या टोकाला लग किंवा फेरूल (धातूची टोपी) दाबून घट्ट बसवा, स्क्रू घट्ट आवळा, मग तार ओढून बघा. ढिला स्क्रू तापतो, पण एमसीबी पडत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो.

करवत, लेथ यांना नो-व्होल्ट स्टार्टर लावा, म्हणजे वीज गेली आणि आली तरी यंत्र आपोआप फिरणार नाही. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा; पडला नाही तर तो त्याच दिवशी बदला.