डोक्याला मार लागल्यानंतरची चक्कर: घरी तोल कसा सावरायचा

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि चक्कर-तोल हेच माझं रोजचं काम. कुणी स्पीडब्रेकरवर स्कूटरवरून पडलेलं असतं, कुणी ओल्या बाथरूममध्ये. सीटी स्कॅन नॉर्मल, तरी आठवड्याने पायाखालची जमीन सरकते. घरचे म्हणतात, रिपोर्ट तर चांगला आहे! पण सीटीत रक्तस्राव दिसतो, फ्रॅक्चर दिसतं. कान, डोळे आणि मेंदू यांचा बिघडलेला मेळ दिसत नाही. म्हणून पेशंटचं म्हणणं खरं धरा.

आधी धोक्याचं. डोकेदुखी वाढत चालली, वारंवार उलट्या झाल्या, गुंगी चढली, बोलणं अडखळलं, हातपाय लुळे वाटले, फिट आली किंवा नाका-कानातून पाण्यासारखं काही आलं, तर थेट कॅज्युअल्टी गाठा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या आजी-आजोबांना किरकोळ वाटणारा मारही डॉक्टरांना दाखवा.

पहिले एक-दोन दिवस आराम. त्यानंतर अंधाऱ्या खोलीत पडून राहू नका, घरातल्या घरात चालायला लागा. डोकं अजिबात न हलवणं हा सावधपणा वाटतो, पण मेंदूला नव्याने जुळवून घ्यायला हालचालच लागते.

आता चक्कर नेमकी कधी येते ते वहीत लिहा. कूस बदलताना किंवा वरच्या फळीवरचा डबा काढताना खोली गरगर फिरते आणि मिनिटाच्या आत थांबते? मग बहुधा आतल्या कानातले कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण सुटून अर्धवर्तुळाकार नळीत शिरले आहेत. डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते परत जागेवर नेता येतात. डॉ. जॉन एप्ली यांनी ही पद्धत 1992 मध्ये सविस्तर मांडली. मात्र कोणता कान, कोणती नळी हे आधी तपासावं लागतं, आणि मार लागलेला असेल तर मानही. त्यामुळे पहिल्यांदा तरी व्हिडिओ बघून करू नका. अपघातानंतर कधीकधी हे एकापेक्षा जास्त वेळा करावं लागतं; धीर सोडू नका.

चालताना मान वळवली की समोरचं पुसट होत असेल, तर हा व्यायाम. मानेला इजा नाही याची डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. भिंतीवरच्या कालनिर्णयातला एक मोठा आकडा निवडा आणि हातभर अंतरावर खुर्चीत बसा. नजर आकड्यावर ठेवून "नाही" म्हणताना हलवतो तशी मान थोडीशी डावी-उजवीकडे हलवा. आकडा स्पष्ट दिसेल तेवढाच वेग. सुरुवातीला वीस-तीस सेकंद, हळूहळू मिनिटभर; मग तेच वर-खाली. दिवसातून दोन-तीनदा. जमलं की उभं राहून, नंतर पाय जुळवून.

किती करायचं? आधी चक्करीला शून्य ते दहामध्ये गुण द्या. व्यायामाने दोन गुणांपर्यंत वाढून थोड्या वेळात ओसरली तर चालेल. त्याहून वाढली तर सोडू नका, वेग कमी करा. थोडी चक्कर आल्याशिवाय ती जात नाही, हे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते. दुसऱ्या महायुद्धात डोक्याला मार लागलेल्या ब्रिटिश सैनिकांसाठी कॉथॉर्न आणि कुक्सी या डॉक्टरांनी हेच तत्त्व धरून व्यायाम बसवले होते.

तोलासाठी खोलीच्या कोपऱ्यात पाठ करून उभे राहा, समोर खुर्ची ठेवा, जवळ कुणीतरी हवंच. पाय जुळवून तीस सेकंद, मग डोळे मिटून. नंतर घडी घातलेल्या गोधडीवर. तोंड धुताना किंवा देवापुढे डोळे मिटल्यावर झोक जातो, तो याने सुधारतो.

मंडई, मॉल, मोबाइलचं स्क्रोलिंग यांनी त्रास होतो. गर्दी नसेल तेव्हा थोडा वेळ जा, मग वेळ वाढवा.

"मानेत गॅप आहे" म्हणून कुणी कॉलर सुचवली, तर किती दिवस आणि कशासाठी हे विचारा. कॉलरने मान बांधली जाते आणि वरचा सगळा सराव थांबतो. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या पहिल्या काही दिवसांत उपयोगी पडतात, महिनोन्महिने घेतल्या तर मेंदूचं जुळवून घेणं रखडतं. आपल्या मनाने मात्र बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

दुचाकी शेवटी. चालता चालता खांद्यावरून मागे पाहिलं आणि पाय वाकडा पडला नाही, आणि डॉक्टरांनीही हो म्हटलं, तरच. अपघातात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी वापरू नका, नवं घ्या.