रोड बाईक घेतलीत? आधी थांबायला शिका

नवी रोड बाईक, म्हणजे पातळ टायरची आणि खाली वाकलेल्या हँडलची वेगवान सायकल, घेतली की पहिल्याच रविवारी सिंहगडाचा पायथा गाठायची घाई होते. ती जरा आवरा आणि आठवडाभर पहाटे एखादं रिकामं मैदान गाठा.

आधी सीट. पेडल तळाशी असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. सीट बुटकी असेल तर गुडघा पुढून दुखतो, उंच असेल तर कंबर डावी-उजवीकडे डोलते. हवा मोजूनच भरा. वजन 65-70 किलो आणि टायर 25 मिमीचा असेल तर 80-85 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरे. टायरवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे, तेवढी हवा भरायलाच हवी असं नाही.

आता ब्रेक. ‘पुढचा ब्रेक दाबला की तोंडावर पडतो’ हे आपण लहानपणापासून ऐकतो, म्हणून बहुतेकजण फक्त मागचाच दाबतात. पण ब्रेक लागताच वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होतं आणि घसरतं. सायकल थांबते ती मुख्यतः पुढच्या ब्रेकवर. तोंडावर पाडतो तो त्याला दिलेला हिसका. पुढचा ब्रेक उजवीकडे आहे की डावीकडे, हे आधी बघून घ्या; सगळ्या सायकलींना सारखा नसतो. मग जमिनीवर खडूने रेघ मारा. ताशी 20 किमी वेगाने या, रेघेवर दोन्ही ब्रेक हळूहळू आवळत न्या, त्याच वेळी कंबर सीटवर मागे सरकवा आणि हातांनी हँडल रेटून अंग मागे धरा. मागचं चाक घसरू लागलं तर दोन्ही ब्रेक किंचित सैल करा. रोज दहा वेळा. पावसात रिम ब्रेक (चाकाच्या धातूच्या कडेला, म्हणजे रिमला, दोन्ही बाजूंनी चिमटणारा) आधी रिमवरचं पाणीच पुसतो, त्यामुळे बराच आधी दाबायला लागा.

मागे वळून बघताना हँडलही उजवीकडे वळतं, आणि उजवीकडूनच गाड्या येत असतात! खांदे सैल सोडा, हनुवटी उजव्या खांद्याला लावा, पांढऱ्या पट्टीवरून न हलता जमेपर्यंत सराव करा.

गिअर चढ लागण्याआधी बदला. चढावर जोर लावत बदलला तर चेन करकरते, कधी उतरतेही. पेडलचे मिनिटाला 80-90 फेरे हवेत. एक गुडघा 15 सेकंदांत 20-22 वेळा वर आला, की समजा बरोबर चाललंय.

मग पुण्याजवळचा बोपदेव किंवा कात्रजचा जुना घाट. उतारावर हात हँडलच्या खालच्या वाकात ठेवा. वेग वळणाआधीच कमी करा, वळणात ब्रेक सोडलेले बरे. बाहेरचा पाय खाली दाबा आणि नजर वळण संपतं तिथे ठेवा. खड्ड्याकडे बघत राहिलात तर खड्ड्यातच जाल. वळणाच्या कडेला वाळू-खडी साचलेली असते. रिम ब्रेक सतत धरून ठेवू नका. रिम तापते, ट्यूब फुटू शकते. थोडा वेळ घट्ट दाबा, सोडा, पुन्हा दाबा. बोटं भरून आली तर कडेला थांबा.