कपाट आखण्याआधी सामान मोजा

डिप्लोमा झाल्यावर ठाण्यात एका इंटिरियर डिझायनरच्या हाताखाली लागले. पहिलं स्वतंत्र काम मिळालं ते नेरूळमधल्या सिडकोच्या घरातलं कपाट. भिंतीचं माप घेतलं, सहा फूट रुंद आणि दोन फूट खोल कपाट आखलं, सनमायकाचा रंग निवडण्यात चार दिवस घालवले. सहा महिन्यांनी एक बिजागरी बदलायला गेले तेव्हा त्या घरातल्या काकू म्हणाल्या, "अगं, दिसतं छान, पण मागचं काही हाताला लागत नाही. एक साडी काढायची तर पुढची अख्खी चळत पलंगावर उतरवावी लागते."

साड्या मी मोजल्याच नव्हत्या.

कपाटाला दोन फुटांची खोली येते कुठून, हे नव्याने शिकणाऱ्यांनी आधी समजून घ्यावं. हँगरला लावलेला शर्ट आडवा २० ते २२ इंच जागा घेतो, म्हणून टांगायच्या खणाला २४ इंच लागतात. घडीची साडी मात्र १२-१४ इंचांत मावते. उरलेल्या जागेत दुसरी चळत जाते आणि कायमची विसरली जाते. गावाकडच्या भिंतीतलं फडताळ आठवा. खोली बेताचीच, पण दार उघडलं की सगळं नजरेसमोर. आता मी घडीच्या कपड्यांना पूर्ण बाहेर येणाऱ्या चॅनेलवरचे, म्हणजे सरकत्या पट्ट्यांवरचे, ड्रॉवर देते. खर्च वाढतो, पण माझ्या मते पैसे घालावेत ते इथेच, शटरच्या, म्हणजे दारांच्या, चकाकीवर नव्हे.

ऑफिसचं गणित वेगळं, तिथे वजन बघायचं. वागळे इस्टेटमधल्या एका हिशेबनिसांच्या ऑफिसात फायलींच्या फळ्यांना बाक आला होता. ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम) ए-फोर कागद ५ ग्रॅमचा, म्हणजे ५०० कागदांची फाइल अडीच किलोची. तीन इंच जाडीच्या अशा १२ फायली तीन फुटी फळीवर बसतात. झाले ३० किलो, तेही वर्षानुवर्षं. वजन तेवढंच ठेवून फळीची लांबी दुप्पट केली, तर बाक आठपट होतो. आमच्या मिस्त्रींनी दाखवलेला उपाय साधा आहे: मध्ये उभा आधार द्यायचा आणि फळीच्या पुढच्या कडेला दीड इंच उंचीची सागाची पट्टी ठोकायची. कॉलेजात हे कुणी हातात धरून दाखवलं नव्हतं. मिस्त्री काम करत असताना शेजारी उभे राहा, विचारत राहा.

खाडीकाठच्या हवेत बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवू नका, मागे इंचभर फट सोडा. ओलीच्या जागी, सिंकखाली वगैरे, आयएस ७१० शिक्क्याचंच, म्हणजे पाण्यात टिकणारं मरीन, प्लायवूड घ्या. पार्टिकल बोर्ड पाणी पिऊन फुगतो.

पहिल्या भेटीत प्रत्येक वस्तूबद्दल विचारा, "ही शेवटची कधी काढली होती?" गणपतीचं मखर वर्षातून एकदाच निघतं, ते माळ्यावर. रोजचा डबा, औषधं, चार्जर कंबर ते खांद्याच्या उंचीत. उत्तरं वहीत लिहा, त्यानंतरच पेन्सिल हातात घ्या.

काकूंच्या कपाटातल्या तीन फळ्या काढून मी माझ्या पैशाने ड्रॉवर बसवून दिले. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून सगळ्यात खालचा खण रिकामा सोडायला सांगितला. तिथे आता नातवाच्या गाड्या असतात.